चौदावं चित्र

चित्रकारबुवा भलते हट्टी. घरात बसून झाडं रंगवणाऱ्यांची त्यांना शिसारी. दरवर्षी भर उन्हाळ्यात पाणथळीच्या काठावर स्टूल टाकायचं, तिथलं एक चित्र पुरं करायचं आणि मागे तारीख घालून लिहायचं, ‘जागेवर केलं’. अशी बत्तीस वर्षं. बायको म्हणायची, "पाणथळीशीच लग्न लावायचं होतंत, मला कशाला आणलंत?"

ती केव्हाच गेली. आता पाणथळही जायची वेळ आली होती. एका कंपनीला तिथे भराव घालून गोदामं बांधायची होती. कंपनीचं म्हणणं, ही पडीक जमीन, पाणी पावसाळ्यापुरतं. उन्हाळ्यातही पाणी असतं हे सिद्ध झालं, तरच काम थांबणार होतं.

वकील लेक तर हरखलीच. "बाबा, हे बत्तीस साक्षीदार आहेत!" तिने शपथपत्र केलं: सगळी चित्रं त्या त्या तारखेला, जागेवर केलेली. बुवांनी सही केली. चौदाव्या चित्राची ओळ त्यांनी दोनदा वाचली होती. पण लेकीचा चेहरा इतका खुललेला, की जीभ रेटेना. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. लोक सगळ्यांत जास्त वाखाणायचे ते नेमकं हेच चित्र!

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने तेच उचललं. शेजारी त्याच आठवड्यातला वर्तमानपत्रातला फोटो ठेवला. चित्रात काठोकाठ पाणी. फोटोत भेगाळलेली जमीन, मधोमध उभी जीप.

"काका, हे जागेवर केलंत?"

लेक त्यांच्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त.

"नाही," बुवा म्हणाले. "हॉस्पिटलात केलं, हिच्या आईच्या खाटेशेजारी. ती म्हणाली, मला पाणी दाखवा. त्या वर्षी तिथे थेंब नव्हता. कुठल्या तोंडाने सांगू? काढून दाखवलं."

वकील हसला असता तरी बरं होतं. मेला हळहळला! "वाईट वाटलं, काका. पण मग बाकीच्या एकतीस चित्रांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

न्यायाधीशसाहेबांनी सगळीच चित्रं पुराव्यातून काढून टाकली. दुसरा पुरावा नव्हता; भरावाला मोकळीक मिळाली.

जिन्यात लेक थांबली. "एक वर्ष कोरडं गेलं, हे मी आधीच कबूल केलं असतं. एकतीस पुरली असती हो, बाबा."

"तू इतकी खूश होतीस गं..."

"आईशी खोटं बोललात, ते कळतं मला. ती मरत होती. माझ्याशी कशाला?"

तिने फायली उचलल्या आणि ती एकटीच खाली उतरली.

सोमवारी भराव सुरू झाला. बुवा रोज जायचे. काठ रोज थोडा पुढे सरकलेला असायचा. "आजोबा, मागे व्हा, धूळ उडतेय," ट्रकवाले ओरडायचे. अकराव्या दिवशी पाणी संपलं. लेकीला सांगावं म्हणून त्यांनी फोन लावला. तिने तो उचलला नाही.