बिल्ला नंबर एकशे ब्याण्णव

नगरच्या कापडबाजारात आबासाहेबांचा फोटो स्टुडिओ होता. फोटो काढायचे आबासाहेब, पण माणूस देखणा करायचं काम मच्छिंद्र लोंढ्याचं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून तो मुरमं बुजवायचा, डोळ्यांखालची काळजी उडवायचा, खप्पड गालांवर मांस चढवायचा. त्याच्या पेन्सिलीनं जिल्ह्यात किती लग्नं जमवली होती आणि बोहल्यावर किती नवरदेव दचकले होते, ते देवच जाणे. तीस वर्षांत हात एकदाही चुकला नव्हता आणि ते तो चारचौघांत सांगायलाही कचरत नसे.

त्र्याहत्तर सालचा चैत्र. लागोपाठच्या दुष्काळानं जिल्हा होरपळून निघाला होता. लग्नं लांबली, फोटो काढणारे आटले. रिकाम्या हातांना उद्योग म्हणून आबासाहेबांनी एक दिवस माळा आवरायला काढला.

"मच्छिंद्रराव, आजोबांच्या निगेटिव्हच्या काचा वर पडल्यात ना, त्या धुऊन टाकू. सोड्याच्या गरम पाण्यात बुडवल्या की चित्र निघून लख्ख होतात. फ्रेमवाला छगन सगळ्या उचलतो म्हणतोय."

माळ्यावर अकरा लाकडी खोकी होती. त्यांत साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं अख्खं नगर काचेवर उतरलेलं होतं. मच्छिंद्रनं एक काच उचलून उजेडाकडे धरली.

"फ्रेमला काच बाजारात मिळते, आबासाहेब. ही माणसं मिळायची नाहीत."

"कोणती माणसं? एकाचं तरी नाव सांगा."

मच्छिंद्रनं खोक्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. साहेबांची नावं हुद्द्यासकट होती. एका साहेबाच्या कुत्र्याचंसुद्धा नाव होतं. बाकीच्यांना एकच शब्द, 'मजूर'.

"नावं आणून देतो," तो म्हणाला. "महिनाभर थांबा. नाही आणली, तर मीच सोड्याचं पाणी तापवीन."

आबासाहेब हसले. "महिना नाही. पंधरा दिवस."

चौथ्या खोक्यात त्याला हवी ती काच मिळाली. सन एकोणीसशे, जामखेडकडच्या एका तलावाचं दुष्काळी काम. एका बाजूला खुर्चीत साहेब, आणि शेजारी दोन रांगांत बावीस बाया, पायाशी खडीचे ढीग. भिंग लावून तो काच उजेडाकडे तिरपी करत गेला आणि एकदम थांबला. प्रत्येक बाईच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला पत्र्याचा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर ठोकलेला आकडा. दुसऱ्या कुणाला ते ठिपके वाटले असते. मच्छिंद्रला आकडे दिसले. दुपारपर्यंत त्यानं बावीसपैकी एकोणीस उतरवून काढले आणि कागद खिशात घालून थेट कारभारीचं कार्यालय गाठलं.

कारभारी गाडेकर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. जुन्या दप्तरखान्यात रेकॉर्डकीपर होता, रिटायर व्हायला दोन महिने उरले होते. मोडी वाचणारा कचेरीत तो एकटाच, त्यामुळे त्याचा रुबाब मामलेदाराहून जास्त.

"कारभारी, दुष्काळी कामावरच्या माणसांची हजेरीपत्रकं ठेवलीत का रे तुम्ही?"

"माझ्या दप्तरखान्यात काय नाही ते विचार," कारभारी म्हणाला. "तू नंबर आण, मी नाव देतो."

"आणलेत."

कारभारीनं कागद पाहिला, चष्मा कपाळावर ढकलला आणि शिपायाला शिडी आणायला सांगितलं.

लाल फडक्यातली गाठोडी सोडता सोडता चार दिवस गेले. धुळीनं दोघंही शिंकून शिंकून बेजार. पाचव्या दिवशी कारभारीचं बोट एका ओळीवर थांबलं आणि त्याचा आवाज बदलला.

"नंबर एकशे ब्याण्णव. कडूबाई कोम गणू, म्हणजे गणूची बायको, राहणार खांडवाडी. अंगावर मुलगी एक, भीमा, वय महिने चार." त्यानं बोट पुढं सरकवलं. "शेऱ्यात लिहिलंय, पटकीनं मयत. तुझ्या काचेवरच्या तारखेनंतर नऊ दिवसांनी."

मच्छिंद्रनं फोटोतली एकशे ब्याण्णव डोळ्यांपुढे आणली. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी. पदराखाली तान्हं पोर.

"आणि पोरगी?"

"पोरीपुढं शेरा नाही."

"म्हणजे जगली असेल. आज त्र्याहत्तरची. चल, खांडवाडीला."

"हो, पण रिकाम्या हातानं कसं जायचं?"

त्या संध्याकाळी मच्छिंद्र काच घेऊन टेबलाशी बसला. बाईचा चेहरा भिंगाखाली आला. गालांची हाडं वर आलेली, तोंडभर देवीचे वण, डाव्या भुवईत तर एवढा खोल की भुवईचे दोन तुकडे झालेले. लेकीला जन्मात पहिल्यांदा आई दिसणार, ती अशी दाखवायची? त्यानं पेन्सिलीला धार केली. वण एकेक करून बुजवले, भुवई सांधली, गाल भरले. मोठा प्रिंट काढून टांगला तेव्हा कडूबाई न्हाऊन-माखून माहेरी निघाल्यासारखी दिसत होती. आपल्या हातचं इतकं सुरेख काम त्यानंही फार वेळा पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं माळीवाड्याच्या स्टँडवरून जामखेडची एस.टी. धरून निघाले. फाट्यावर उतरून मैलभर चालले. खांडवाडीत चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव नाल्यावरच्या बांधाच्या कामाला गेलेलं. तिथं पोचले तर शंभर-सव्वाशे माणसं उन्हात खडी फोडत होती. कारभारीनं एका तरण्या बाईला विचारलं, "भीमाबाई म्हणून कुणी म्हातारी आहे का? कडूबाईची लेक?"

बाईनं हातोडी खाली ठेवली. "भीमाआक्का? हाय की. ती काय बाभळीखाली, आमची पोरं राखती. पन तिच्या आयचं नाव तुमाला कसं ठावं?" तिचं नाव रतनबाई. उत्तराची वाट न बघता ती दोघांना घेऊन निघाली आणि तिच्यामागं आणखी सहा-सात जणी.

बाभळीला बांधलेल्या झोळ्यांत पोरं निजली होती. दोन्ही हातांत दोन दोऱ्या धरून एक काटक म्हातारी झोके देत बसली होती. कारभारीनं सगळं सांगितलं, वही, नंबर, तलाव. तिचे हात चालूच होते, पण डोळे त्याच्या तोंडावरून हलले नाहीत. मग मच्छिंद्रनं पुठ्ठ्याच्या पाकिटातून प्रिंट काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

"आक्का, ही तुमची आई."

म्हातारीनं दोऱ्या सोडल्या. फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. नंतर हळूच परत केला.

"न्हाई दादा. ही माझी आय न्हाई."

"आक्का, वहीत लिहिलंय..." कारभारी म्हणाला.

"वहीत आसंल. मला मावशीनं वाढीवलं. रोज रातच्याला सांगायची, तुझ्या आयच्या तोंडावर देवीनं नांगर फिरीवला हुता, बोट ठिवाया जागा न्हवती. डावी भिवई तर मधूनच तुटल्याली. मावशीला सोताचं नाव इसरलं तरी ती भिवई इसरली न्हवती." तिनं फोटोकडं बोट केलं. "ही बाई तर लोन्यावानी हाय. कुना सुखी घरची आसंल. लई लांबून आलात, पानी प्या."

रतनबाईनं तांब्या पुढं केला. त्या दुष्काळात तो तांब्या हातात घेणं मच्छिंद्रला जमेना. कारभारी त्याच्याकडं बघत होता, आपलंच दप्तर खोटं पडल्यासारखा चेहरा करून. तसंच उठून गेलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं, हे मच्छिंद्रच्या मनात आलं. पण तो उठला नाही.

"आक्का, तुमची मावशी खरं सांगत होती," तो म्हणाला. "वण होते. भुवई तुटलेली होती. मी बुजवलं ते सगळं. पेन्सिलीनं."

"कशापायी?"

"बरी दिसावी म्हणून."

भीमाबाईनं त्याला नीट निरखलं. रागानं नाही, आपल्याहून लहान माणसाकडं बघावं तसं. "ती बरी दिसत न्हवती, हे तुमाला कुनी सांगितलं?"

तीस वर्षांत मच्छिंद्रला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. त्यानं प्रिंट पाकिटात परत सरकवला. "परवा येतो," एवढंच म्हणाला.

परतीच्या एस.टी.त कारभारी म्हणाला, "मच्छ्या, मी जर हजेरीपत्रकात अशी खाडाखोड करून अक्षर सुबक केलं असतं, तर तू मला काय म्हणाला असतास?"

"बोल. आज तुझा दिवस आहे."

"आणि काच गेली की रे कायमची."

"गेली नाही. पेन्सिल आहे, खरवडलेलं नाही. बिघडवणारा हात माझा, सुधारणाराही माझाच."

रात्र होऊ न देता त्यानं काम उरकलं. कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइनचे दोन थेंब घेऊन काचेवरून अलगद फिरवला. तोच गाल खपाटीला गेले, वण वर आले, भुवई मधोमध तुटली. आता भिंगातून बघताना त्याला आणखीही काही दिसलं, जे पहिल्या दिवशी दिसलं नव्हतं. बाकीच्या एकवीस जणी कॅमेऱ्याला भिऊन ताठ उभ्या होत्या. कडूबाईची मान तेवढी वाकडी होती. उन्हाची तिरीप पोराच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती खांद्यानं आडोसा करत होती.

शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या आबासाहेबांनाही ते दिसलं. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "परवा मीपण येतो. मोटारसायकलीवर कॅमेरा आणतो."

या खेपेला भीमाबाई झोळ्यांपासून उठून चार पावलं पुढं आली. मच्छिंद्रनं प्रिंट दिला. तिनं बघितलं. उजव्या हाताचं बोट तुटक्या भुवईवर ठेवलं, मग कपाळावरून, गालांवरून फिरवत हनुवटीपर्यंत आणलं. जागा खरंच नव्हती. बोट जाईल तिथं वण होता.

"हीच," ती म्हणाली. "बया माझी."

बाया कोंडाळं करून उभ्या होत्या. कुणीतरी नाक ओढलं, पण भीमाबाई रडली नाही. तिनं फोटो उंच धरला, देवीची पालखी दाखवावी तसा. "बगा गं, ही माझी आय. कडूबाई. अशाच कामावर खडी फोडीत हुती." मग पदराखालच्या गाठोड्याशी बोट नेऊन तिनं विचारलं, "आन हे वं काय?"

"ते तुम्ही, आक्का."

"मी?" तिनं फोटो डोळ्यांशी नेला आणि खदखदून हसली, मागचे दोनच दात दिसेपर्यंत. "लई रडत आसंन, बगा. म्हून तर मान वाकडी केली!"

कारभारीनं वहीतली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. ती तिनं तीनदा वाचून घेतली. 'वय महिने चार' आलं की दर वेळी मान डोलवायची.

मग रतनबाई पुढं झाली. "साहेब, आमचं बी काढा की आसं. पन नावं लिवून ठिवा. सत्तर वर्सांनी कुनी तुमच्यासारकं हुडकीत येनार हाय का?"

आबासाहेबांनी तिपाई रोवली. बाया रांगेत उभ्या राहायला लागल्या तशी एकच गडबड उडाली. कुणी पदर सारखा करतेय, कुणी झोळीतलं पोर उचलून आणतेय. मच्छिंद्र त्यांच्यामधून फिरत होता. एकीनं विचारलं, "दादा, माज्या डोळ्यात फूल पडलंय. ते दिसंल का वं?"

"दिसेल, बाई," तो म्हणाला. "आणि छान दिसेल. मान वर करा."

कारभारी मांडी घालून बसला आणि स्वच्छ बाळबोधात नावं लिहू लागला. मागच्या रांगेपासून एकेक जण आपलं नाव ओरडून सांगत होती, नवऱ्याचं, गावचं, आणि एक-दोघींनी हट्टानं माहेरचंसुद्धा. आबासाहेब काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "मच्छिंद्रराव, नगरला गेल्यावर त्या छगनला निरोप द्या, काचा विकायच्या नाहीत. आणि ती खोकी माळ्यावरून खाली घ्या. वर ऊन लागतं."

"ती मी कालच घेतली," मच्छिंद्र म्हणाला, आणि पोरानं ओढलेला एका बाईचा पदर नीट करायला पुढं गेला.