दारापाशी उभा माणूस

काकूंनी स्वयंपाकघराचं दार आत ओढलं आणि हातातलं पातेलं पडता पडता राहिलं. उंबऱ्यापलीकडे, अगदी नाकासमोर, नवा गोलकीपर उभा होता. हात अंगाला चिकटलेले, मान ताठ. दाराच्या फळीवर लावलेली नजर आता काकूंच्या कपाळावर आली होती.

"अरे, केव्हाचा उभा आहेस?"

"झाला थोडा वेळ."

"मग हाक नाही का मारायची? दार नुसतं लोटलेलं होतं."

त्याने दाराकडे पाहिलं. जणू ही गोष्ट त्याला कुणीतरी पूर्वीही सांगितली होती आणि पटली नव्हती.

"पाणी हवं होतं," तो म्हणाला.

काकूंनी पाणी दिलं. त्याने ते तिथेच उभ्याने पिऊन टाकलं, पेला दोन्ही हातांनी परत दिला आणि वळून गेला.  काकूंनी तो पेला दोनदा घासला.

फुटबॉल क्लबच्या मैदानाला लागून खेळाडूंच्या राहण्याचं घर होतं आणि त्या घराच्या काकू सर्वेसर्वा होत्या. नवरा मैदानाचा माळी होता. तो गेल्यावर क्लबने त्यांना हे काम आणि मागच्या दोन खोल्या दिल्या. तेव्हापासून लांबून आलेल्या पोरांना जेवू घालणं, त्यांचे मोजे शोधून देणं आणि हरून आल्यावर त्यांच्याशी न बोलणं, हा त्यांचा संसार. पोरंही त्यांना चिडवत. "काकूंचा चहा म्हणजे रेफरीची शिट्टी. आवडो न आवडो, मानायचीच."

या नव्या माणसाला मात्र कुणी चिडवत नव्हतं. तो आला की जेवणाच्या टेबलावरचं बोलणं आपोआप खाली बसायचं. दहा-बारा वर्षांपूर्वी, विशीत असताना, तो मोठ्या संघात जाणार होता. लोक त्याला 'भिंत' म्हणत. तेव्हा त्याचं एका मुलीशी लग्न ठरलं होतं. मुलीने नंतर नाही म्हटलं. तिच्याच घराच्या जिन्यात त्याने गळा दाबून तिचा जीव घेतला. शिक्षा भोगून तो बाहेर आला, त्या वर्षी क्लब गुणतक्त्याच्या तळाशी होता आणि आधीचा गोलकीपर गुडघा धरून बसला होता.

"शिक्षा भोगलीय त्याने, काकू," मॅनेजर म्हणाले होते. "कायद्याने मोकळा आहे. माणसाला आयुष्यभर टांगून ठेवायचं का? बाहेर चारजण बोंब मारतायत, तेवढं चालायचंच. दोन सामने जिंकलो की तेच डोक्यावर घेऊन नाचतील."

"मोकळा आहे, तर दार का उघडत नाही तो?"

मॅनेजर हसले. "सवय नाही राहिली. तुरुंगात दार दुसराच उघडतो ना. होईल हळूहळू."

पण होत नव्हतं. घरात कुठलंही बंद दार उघडावं आणि पलीकडे तो असावा. हाक नाही, टकटक नाही, श्वासाचासुद्धा आवाज नाही. काकूंनी मग सगळी दारं उघडीच ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक दाराला वीट लावली. तरी वाऱ्याने एखादं मिटायचंच. काम करता करता त्यांचं अर्धं लक्ष तिकडे असायचं. कुठे दार लागल्याचा आवाज आला की त्या लगबगीने जाऊन ते उघडायच्या. कधी पलीकडे कुणी नसायचं. रिकामा पॅसेज बघून त्यांना जास्तच धस्स व्हायचं.

काकूंची मुलगी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर कामाला होती. एका सकाळी ती आंघोळ करून बाहेर पडली आणि तिची किंकाळी काकूंनी परसात ऐकली. त्या धावत आल्या. मुलगी ओल्या केसांनी भिंतीला टेकून उभी होती. तो पॅसेजच्या बंद दारापाशी होता. काकूंनी ते दार उघडताच मान खाली घालून तो निघून गेला.

मुलीने बॅग काढली.

"त्याने काही केलं का तुला?" काकूंनी विचारलं.

"नाही ना, आई! काहीच केलं नाही. नुसता उभा होता. किती वेळ, कोण जाणे."

"मी सांगते मॅनेजरना. त्याला दुसरीकडे हलवतील."

"त्याला नाही हलवणार. गोल कोण अडवेल मग? हलायचं आपण." तिने कपडे कोंबले. "मी मामाकडे जाते. तू पण चल."

"आणि इथलं कोण बघेल?"

 मुलगी बॅग उचलून गेली. जाताना तिने बाहेरचं फाटक सवयीने लावून घेतलं. काकूंनी पाठोपाठ जाऊन ते उघडलं.

त्याचा पहिला सामना घरच्या मैदानावर होता. दुपारपासूनच गर्दी जमू लागली. पोरं आवरून मैदानावर गेली, तोही त्यांच्याबरोबर गेला. काकू पॅसेज पुसत होत्या, तेव्हा उघड्या फाटकातून एक म्हातारी बाई आत आली. हातात कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला.

"तो इथेच राहतो ना?"

कोण, हे काकूंनी विचारलं नाही.

"मी तिची आई," बाई म्हणाली. "त्याची खोली बघायची होती. कशाला हात नाही लावणार."

नाही म्हणायला हवं होतं. काकूंना ते तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी बादली बाजूला ठेवली आणि पुढे झाल्या.

खोलीत कुणी राहतंय असं वाटतच नव्हतं. चादर इतकी ताणलेली, की सुरकुती शोधून सापडली नसती. तिच्यावर एका ओळीत टॉवेल, मोजे आणि गोलकीपरचे हातमोजे. बाई पलंगाच्या कडेला बसली. बराच वेळ ती हातमोज्यांकडे बघत होती. मग, हात लावणार नाही म्हणालेल्या त्या बाईने एक हातमोजा उचलला आणि स्वतःच्या हातात चढवला. बोटं आत कुठल्या कुठे हरवली. तो भला मोठा पंजा तिने सावकाश वर नेला, आपल्या गळ्याशी लावला आणि तसाच धरून ठेवला.

काकूंनी मान फिरवली. त्याच वेळी वारा आला आणि वीट सरकवत दार मिटलं.

बाहेर पावलं वाजली. पॅसेजमधून आली आणि दाराशी येऊन थांबली. खालच्या फटीत दोन काळ्या सावल्या दिसू लागल्या. बुटांच्या.

"तोच?" बाईने हळूच विचारलं.

 काकूंनी मान डोलावली. "हातमोजे राहिले असतील त्याचे."

"मग आत का येत नाही?"

"दार बंद आहे ना. तो उघडत नाही. कुणी उघडलं तरच…"

बाई सावल्यांकडे बघत राहिली. "आमच्या जिन्याचं दार लाथ मारून उघडलं होतं त्याने," ती म्हणाली.

काकू दार उघडायला निघाल्या. बाईने नुसता हात वर केला. हातमोज्यातला हात. "राहू दे उभा."

मैदानावरून ढोलासारखा पायांचा ठेका ऐकू येत होता. आत दोघी आणि बाहेर तो. फटीतल्या सावल्या हलल्या नाहीत. काकूंचा फोन वाजला, तेव्हा त्या दचकल्याच.

"काकू, तो हातमोजे आणायला गेलाय, अजून पत्ता नाही!" मॅनेजर ओरडत होते. "बघा जरा कुठे आहे."

"इथेच आहे. दाराशी उभा आहे."

"मग उघडा ना दार! तेवढंही जमत नाही का?"

काकूंनी फोन बंद केला. बाई उठली. हातमोजा काढून तिने ओळीत होता तसा ठेवला, चादरीला पडलेली सुरकुती तळहाताने सरळ केली आणि स्वतःच जाऊन दार उघडलं.

तो समोर होता. दाराची फळी जिथे होती तिथेच आधी त्याची नजर राहिली, मग खाली उतरली. तोंडातून "आई" असा काहीतरी आवाज आला. लग्न ठरलं होतं तेव्हा तो तिला आईच म्हणत असेल. त्याचे हात पाठीमागे गेले आणि तिथे एकमेकांत अडकले.

बाईने त्याला नीट पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, एखाद्याला ओळखता यावं म्हणून बघतात तसं.

"केस पिकायला लागले रे तुझे," ती म्हणाली.

तो बाजूला झाला. ती निघाली. काकू तिच्यामागे निघाल्या, वाटेतली बादलीही त्यांनी उचलली नाही.

पुढे तो क्लबकडून बरीच वर्षं खेळला. मॅनेजर म्हणाले तसंच झालं, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. काकूंनी मात्र तो महिना संपताच काम सोडलं. "त्याने त्रास दिला का?" असं सगळ्यांनी विचारलं. काकूंनी सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं. भाड्याच्या एका खोलीत मायलेकी राहू लागल्या.

सामन्याच्या त्या दुपारी काकू त्या बाईला सोडायला बसथांब्यापर्यंत गेल्या. रस्ता सुनसान होता, सगळं गाव मैदानात. दोघी बाकावर बसल्या. 

एकदम मागून हजारो गळ्यांची आरोळी उठली. थांब्याचा पत्रा थरथरला.

"काय झालं?" बाईने विचारलं.

"गोल अडवला असेल."

बाईने मान डोलावली. बस लांबून दिसत होती.

"तिला फार आवडायचं त्याचा खेळ बघायला," ती म्हणाली. "इतक्या टाळ्या वाजवायची, घरी आली की तळवे लाल. मी थंड पाण्यात धरून ठेवायची."

बस आली. बाई चढली आणि खिडकीशी बसली. बस सुटेपर्यंत तिने काकूंकडे पाहिलं नाही. मांडीवर ठेवलेल्या पिशवीवर तिचे दोन्ही हात होते. काकू थांब्यावर उभ्या राहिल्या. मागे पुन्हा आरोळी उठली.