गयाबाईंचे दात आणि मी

मी गयाबाईंची मरून बॅग बोलतेय. कुणाची ते आधीच सांगितलेलं बरं, कारण हुबेहूब माझ्यासारख्या दिसणाऱ्या ढीगभर आहेत आणि त्यापायी एकदा माझ्या बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

माझा जन्म इंदूरचा. गयाबाईंचा धाकटा भाऊ कचरू तिथेच राहतो. त्याच्या लेकीचं, संबोधीचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या मनात आलं, पाहुण्यांना स्टीलचे डबे किती दिवस वाटायचे? सगळ्यांना बॅगा देऊ! झालं. एक रंग, एक माप, खाली चाकं, अशी आमची अख्खी पलटण मांडवात हजर झाली. "वा भिया, क्या बात है!" म्हणत लोकांनी कचरूची पाठ थोपटली. ही सगळी मंडळी पुढे एकाच गाडीने एकाच लग्नाला निघतील, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही. मी आपली नवी नवी, मिरवत होते.

मी गयाबाईंच्या वाट्याला आले, हे माझं भाग्यच म्हणायचं. त्या नागपूरला लेकीकडे राहतात. माहेर महूचं, वडील फौजेतले, त्यामुळे टापटीप अंगात भिनलेली. प्रवासाहून आल्या की मला ओल्या फडक्याने पुसतात. माझ्यावर कधी कुणाला बसू देत नाहीत. इतर बॅगांचे हाल बघते तेव्हा मी मनोमन बाईंना हात जोडते.

बाईंचा गळा फार गोड. नात्यातलं एकही लग्न त्यांच्या मंगल गाण्याशिवाय पार पडायचं नाही. पण दात गेले आणि गाणंही गेलं. शब्दांऐवजी नुसती हवा यायची. एका बारशात पोरं फिदीफिदी हसली, तेव्हापासून बाई तोंडाला पदर लावून बसायला लागल्या. फार वाईट वाटायचं हो मला.

मग कचरूच्या मुलाचं, ज्ञानदीपचं लग्न ठरलं. त्याने फोनवर साफ सांगितलं, "आत्या, गाणं तूच म्हणणार. तू नाही म्हटलंस तर माझ्या लग्नात गाणंच नाही होणार, देख ले." झालं, बाईंनी हट्टाने नवी कवळी करून घेतली. आरशासमोर उभ्या राहून रोज रियाज सुरू केला. पहिल्यांदा सगळे शब्द नीट उमटले, त्या दिवशी बाई एकट्याच खुदकन हसल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही रेल्वेने इंदूरला निघालो. झोपण्याआधी बाईंनी दात काढून डबीत ठेवले आणि डबी माझ्या पोटात, लग्नात नेसायच्या पांढऱ्या साडीच्या घडीत सरकवली. अहो, दात काय बॅगेत ठेवायची वस्तू आहे? खांद्याची पिशवी उशाशीच होती की! पण मला कोण विचारतंय.

समोरच्या बाकाखाली माझीच एक जुळी बहीण होती. तिचे मालक शरदचंद्र, कचरूचे ऑफिसातले जुने सोबती, नागपूरहून इंदूरला घरी परतत होते. आहेराची बॅग त्यांनाही मिळाली होती. बाई त्यांना ओळखत नव्हत्या आणि ते बाईंना. सकाळी इंदूर आलं, उतरायची एकच घाई उडाली आणि शरदचंद्रांनी खुशाल माझी मूठ धरली. मी जागच्या जागी अडून बसले, एक चाक फिरू दिलं नाही. पण त्यांनी मला उचलूनच घेतलं.

तिकडे भंवरकुआंला कचरूच्या घरी काय झालं, ते मला बहिणीने नंतर सांगितलं. बाईंनी तिला उघडलं तर आत दाढीचं सामान, धोतर आणि संत्रा बर्फी! बाईंनी तळापर्यंत चाचपलं, दातांची डबी नाहीच.

"ताई, तू टेंशन नको घेऊ. साडी आपण संबोधीची काढू," कचरू म्हणाला.

"साडी कुणाचीही नेसेन रे कचरू. दात कुणाचे घालू?"

मग फोनाफोनी सुरू झाली. ज्याच्या-त्याच्याकडे एकच चौकशी, "तुमच्या बॅगेत आत्याचे दात आहेत का?" सगळ्या पाहुण्यांनी आपापल्या मरून बॅगा उघडल्या. बॅगा ऑफिसातही वाटल्या होत्या, हे मात्र कचरू साफ विसरला होता. दुपार कलली. बाईंनी ज्ञानदीपला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "दीपू, दुसऱ्या कुणाला तरी गायला सांग बेटा." तो त्यांचा हात धरून बसला.

इकडे तुकोगंजला मी शरदचंद्रांच्या पलंगाखाली पडून होते. ते जेवून, फोन बंद करून घोरत होते. संध्याकाळी लग्नाला जायचं म्हणून जरा आडवे झालेले. कुठल्या लग्नाला? ज्ञानदीपच्याच हो! माझा नुसता जळफळाट होत होता.

मला सोडवलं ते त्यांच्या सुनेने, मंजिरीने. धुण्याचे कपडे काढायला तिने माझी चेन उघडली, तर वर पांढरीशुभ्र कोरी साडी आणि घडीत डबी. झाकण उघडून ती आधी दचकली. मग तिला हसू फुटलं. पण हसता हसता थांबली आणि डबी तिने अलगद बंद केली.

"बाबा, उठा आधी! तुम्ही कुणाची तरी बॅग आणलीत. कुणा आजींची आहे. त्या सकाळपासून जेवल्या तरी असतील का?"

शरदचंद्र डोळे चोळत उठले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग साडी. "अगं, बॅग तर कचरूजींनी दिली तीच... अरे देवा! त्यांच्याकडे आज लग्न आहे!"

"मग फोन काय करत बसायचा, चला," म्हणत मंजिरीने मला स्कूटरवर पुढ्यात घेतलं आणि सासऱ्यांना मागे बसवलं. सिग्नलला थांबलो की ती मला एका हाताने घट्ट धरायची. एवढ्या मायेने मला कुणी धरलं नव्हतं.

आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा वधूवर मंचावर उभे होते. मंजिरीने पाहुण्यांची गर्दी बघितली आणि मला तिथे उघडलंच नाही. बॅग कुणाची ते कचरूजींना हळूच विचारून बाईंना बाजूच्या खोलीत नेलं, दार लावलं, स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली. कुणाला काही कळलं नाही.

त्यानंतर बाई अशा गायल्या की काय सांगू! ज्ञानदीप मंचावर उभ्या उभ्या डोळे पुसत होता. कचरू तर लहान पोरासारखा रडला. शरदचंद्र कान धरून माफी मागायला आले, तर बाईंनी त्यांच्या हातावर त्यांचीच संत्रा बर्फी ठेवली.

आता माझ्या मुठीला जुन्या साडीचा हिरवा काठ बांधलाय. आत बाईंचं नाव आणि लेकीचा फोन नंबर आहे. दात आणि औषधं खांद्याच्या पिशवीतच असतात, आणि उतरताना बाई काठ बघितल्याशिवाय मला हात लावत नाहीत. माझं एक चाक कुरकुरतं, चेन अडकते, पण बाई मला टाकत नाहीत. त्यांचे उपकार मी किती मानू?

तुम्हीही आपल्या बॅगेला काहीतरी खूण बांधा, नाव लिहा, उतरताना एकदा नीट बघा. एवढं करूनही कधी परकी बॅग घरी आलीच, तर चेन उघडल्यावर हसू येईल, येऊ द्या. पण मग थांबा आणि ती ज्याची आहे त्याची आज काय अडचण झाली असेल, ते मनात आणा. मंजिरी थांबली, म्हणून त्या संध्याकाळी माझ्या बाई तोंडावरचा पदर काढून गायल्या.