मार्लिस जेवायची ती ठिकाणं

फोन आला तेव्हा नॉर्बर्ट कुबिआक दारातला बर्फ फावड्याने ओढत होता. मार्च उजाडला तरी मिलवॉकीतला बर्फ काही हलायचं नाव घेत नव्हता. तो नुसता काळा पडून फुटपाथच्या कडेला बसून राहिला होता. बूट न काढताच तो स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"कुबिआकसाहेब का? मी हॉलिस. हॉलिस ट्रेंट. न्यू मेक्सिकोहून बोलतोय."

नॉर्बर्टला नाव लगेच कळलं. बावीस वर्षांपूर्वी मार्लिस त्याला सोडून तिकडे वाळवंटात गेली होती, आणि वर्षा-दोन वर्षांत तिने ज्याच्याशी लग्न केलं तो हाच हॉलिस. गेल्या ऑक्टोबरात ती वारल्याचं नॉर्बर्टला तिच्या मावसबहिणीकडून कळलं होतं. त्या दिवशी त्याने गॅरेजमध्ये जाऊन, काही बिघडलेलं नसताना, गवत कापायचं यंत्र उघडलं होतं आणि पुन्हा जोडलं होतं.

"तिने मला तिचं गाव दाखवायचं कबूल केलं होतं," हॉलिस म्हणाला. "सारखी तिथल्या खाण्याबद्दल बोलायची. शुक्रवारचे मासे, गाडीत बसून खायचं ते आइस्क्रीमसारखं कस्टर्ड, तळ्याकाठचं ते जुनं हॉटेल. दरवर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी जाऊ. ते राहूनच गेलं. आता मी एकटाच येतोय. पण नावं तिने कधी सांगितलीच नाहीत बघा. ती ठिकाणं माहीत असलेला माणूस म्हणजे तुम्हीच."

नॉर्बर्टच्या ओठांवर नकार आला होता. पण पलीकडचा माणूस थांबला होता, आणि त्या थांबण्यात कसलाही आग्रह नव्हता. "शुक्रवारी या," नॉर्बर्ट म्हणाला. "शुक्रवारशिवाय मासे खाण्यात अर्थ नाही."

विमानतळावर हॉलिसला ओळखायला वेळ लागला नाही. उंच, वाळलेला, डोक्यावर रुंद काठाची हॅट आणि अंगात या थंडीला हसू येईल असं पातळ जाकीट. विहिरींचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. हात राकट होते, बोलणं मात्र मऊ.

"हे काय घातलंय?" नॉर्बर्ट म्हणाला. "गोठून मराल इथे."

"आमच्याकडे यालाच थंडीचा कोट म्हणतात, साहेब."

"साहेब नका म्हणू. मी लेथवर काम केलंय आयुष्यभर. साहेब दुसरेच होते."

त्याने आपल्या ब्यूक गाडीच्या मागच्या सीटवरचा जुना लोकरीचा कोट पुढे केला. हॉलिसने तो मुकाट्याने चढवला. बाह्या त्याच्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या.

वोयचिकचा बार दक्षिण भागात, एका कोपऱ्यावर. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, त्यात मांस वर्ज्य असलेला शुक्रवार, म्हणून आत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी कुटुंबं, चर्चमधल्या म्हाताऱ्या, कारखान्यातून थेट आलेली माणसं, सगळे ब्रँडीचे पेले हातात घेऊन टेबल रिकामं व्हायची वाट बघत होते. तळणीचा वास कपड्यांत घुसत होता. तिथे तीस-चाळीस वर्षं वाढण्याचं काम करणाऱ्या बर्नी नावाच्या बाईने नॉर्बर्टला लांबूनच पाहिलं.

"काय रे नॉर्ब, आज पाहुणा? कोण हे?"

नॉर्बर्टने घसा साफ केला. "मार्लिसचा नवरा."

"मार्लिसचा नवरा तर तू."

"मी आधीचा. हा नंतरचा."

बर्नीने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग हातातला टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाली, "बरं. मग दोघांना कोपऱ्यातलं टेबल देते. भांडायचं असेल तर बशा फोडू नका, आजच धुतल्यात."

मासे आले. कुरकुरीत तळलेले पर्च, सोबत कोबीची कोशिंबीर, राय-ब्रेड, बटाट्याची धिरडी आणि वाटीत सफरचंदाचा गर. नॉर्बर्टने मोठ्या तोऱ्यात ताट हॉलिसकडे सरकवलं. "हे तिचं सगळ्यात आवडतं. आठवड्यातून एकदा इथे आलो नाही असं व्हायचं नाही. मासा म्हणजे जीव होता तिचा."

हॉलिसने एक तुकडा खाल्ला. छान लागला असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो थोडा घुटमळला.

"एक विचारू? तिला... मासा आवडायचा नाही हो."

"काय?"

"वासच सहन व्हायचा नाही. आमच्या घरात वीस वर्षांत मासा शिजला नाही. ती बोलायची ती या धिरड्यांबद्दल. सफरचंदाचा गर लावून. स्वप्नात येतात म्हणायची."

नॉर्बर्टचा काटा हातातच राहिला. त्याला मार्लिसचं ताट दिसलं. मासे अर्धे खाऊन ती उरलेले त्याच्या ताटात टाकायची आणि त्याची धिरडी उचलून न्यायची. दर शुक्रवारी. त्याला वाटायचं, बायकोचं आपल्यावर किती प्रेम आहे, तोंडचा घास काढून देते.

"म्हणजे ती मला नको असलेला माल खपवत होती तर!"

"प्रेमही असेलच की," हॉलिस घाईघाईने म्हणाला. "दोन्ही असू शकतं."

नॉर्बर्टने धिरड्याचा तुकडा मोडला, गरात बुडवला आणि बराच वेळ चावत बसला. मग एकाएकी त्याने विचारलं, "आणि तिकडे काय खायची? तुमच्याकडे म्हणे सगळ्यात मिरची घालतात."

"हिरवी मिरची. भाजलेली. सकाळ-संध्याकाळ. तिला फार आवडायची."

"मार्लिसला? अहो, मिरपूड जास्त पडली तरी तिच्या डोळ्यांतून धारा लागायच्या!"

हॉलिसचा चेहरा हळूहळू बदलला. "जेवण झालं की ती ग्लासभर दूध प्यायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुमच्या भागातली रीत असेल. दुधदुभत्याचा मुलूख."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी नॉर्बर्टच्या खांद्यांना हसण्याने गचके बसू लागले, मग हॉलिसच्या. बशा घेऊन चाललेली बर्नी मध्येच थांबली आणि मान हलवत पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलिसने गाडीत बसता बसता विचारलं, "ते कस्टर्डचं दुकान कुठे आहे? रस्त्याकडेला, निळ्या दिव्यांचं. गाडीतच बसून खायचं म्हणाली होती."

नॉर्बर्टने किल्ली फिरवून गाडी सुरू केली. "बंद झालं ते," तो म्हणाला. "कधीच."

हॉलिस फक्त "बरं" म्हणाला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

तळ्याकाठच्या हॉटेलात ते पाच वाजताच जेवायला बसले. तिकडची रीतच ती. आधी बारपाशी थांबायचं, तिथेच काय हवं ते सांगायचं, मग नाव पुकारलं की टेबलावर जायचं. टेबलावर मुळे, गाजरं आणि चीजचा गोळा आधीपासून मांडलेला. हॉलिसने त्या भागातलं ब्रँडीचं गोड पेय मागवलं, एक घोट घेतला आणि सभ्य चेहरा करून पेला बाजूला ठेवला. भिंतीवरचं हरणाचं मुंडकं, लाल पडदे, खिडकीबाहेर अजून गोठलेलं तळं, तो सगळं नीट, सावकाश बघत होता, जणू घरी जाऊन कुणाला तरी सांगायचं होतं. मधूनच म्हणायचा, "हो, हे सांगितलं होतं तिने." नॉर्बर्टला ते बघवेना. या माणसाने पत्ता विचारला तो त्या एकाच दुकानाचा, आणि तोच आपण लपवला. त्याने अर्धं ताट तसंच ठेवून बिल मागवलं.

परतताना त्याने नेहमीचं वळण घेतलं नाही. आभाळात अजून उजेड होता. मोठ्या रस्त्याला लागून निळे दिवे नुकतेच लागले होते, खिडकीपाशी चार-सहा माणसं हात चोळत रांगेत उभी होती. नॉर्बर्टने गाडी लावली.

"हे बंद झालेलं नाही. मी खोटं बोललो."

"ठाऊक होतं," हॉलिस म्हणाला. "मी उतरलोय तिथल्या पोरीनेच सकाळी सांगितलं, तिकडे जाऊन या म्हणून. मला वाटलं, तुमचं काही कारण असेल."

नॉर्बर्ट खाली उतरला आणि व्हॅनिलाचे दोन कोन घेऊन आला. हीटरची घरघर चालू होती. दोघंही कोन चाटत बसले. कस्टर्ड दाट, अंड्याचं पिवळंपण असलेलं, जिभेवर सावकाश विरघळणारं.

"आमचं एक बाळ होतं," शेवटी नॉर्बर्ट समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "म्हणजे, झालं नाही. सातव्या महिन्यात पोटातच गेलं. इस्पितळातून सोडलं तेव्हा ती म्हणाली, घरी नको, इथे ने. इथेच लावली होती गाडी. आणि मी... मला एक शब्द सुचला नाही. तासभर तोंड शिवल्यासारखा बसलो. तिथून जी घरात बोलती बंद झाली, ती झालीच. म्हणून गेली ती. मला नेहमी वाटतं, त्या दिवशी काहीतरी बोललो असतो तर..."

हॉलिसने हॅट काढून मांडीवर ठेवली.

"तिने सांगितलंय मला त्या दिवसाचं. पण असं नाही सांगितलं."

"मग कसं?"

"म्हणाली, त्या आठवड्यात जो तो काहीतरी बोलत होता. नर्स म्हणे देवाची इच्छा. पाद्री म्हणे धीर धर. आई म्हणे तरुण आहेस, अजून होतील. म्हणाली, कान किटून गेले होते माझे. एकटा नॉर्बर्ट काही बोलला नाही. त्याने हीटर चालू ठेवला. मला रडू आलं तेव्हा माझा कोन माझ्या हातातून घेऊन धरून बसला. दोन्ही कोन वितळून त्याच्या बाहीत गेले, पार कोपरापर्यंत. तरी पठ्ठ्याने हात हलवला नाही. म्हणाली, हॉलिस, माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केली असेल तर मला आठवत नाही." तो किंचित हसला. "हे मला सांगत होती, बघ. तिच्या नवऱ्याला."

नॉर्बर्टने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर एका बापाने पोराला खांद्यावर घेऊन पाटीवरचा आजचा स्वाद वाचून दाखवायला सुरुवात केली होती. बाहीत कस्टर्ड गेलं होतं हे नॉर्बर्ट साफ विसरला होता. आता मात्र तो गारवा, तो चिकटपणा कोपरापर्यंत जसाच्या तसा आठवला.

"मग गेली का?" त्याने विचारलं. 

"ते मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही." हॉलिसने मांडीवरच्या हॅटचा काठ चाचपला. "भीती वाटायची. विचारलं आणि तिला उत्तर सापडलं नाही, तर परत तुझ्याकडे निघून जायची."

नॉर्बर्टने हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर एकदा थोपटलं. मग म्हणाला, "खा पटकन. बाही माझी आहे ती."

रविवारी हॉलिसचं विमान संध्याकाळचं होतं. दुपारी जेवायला कुठे जायचं, यावर नॉर्बर्ट अडला. तिची ठिकाणं संपली होती. एक खरोखरच बंद पडलं होतं, एकाच्या जागी टायरचं दुकान आलं होतं.

"मग तिने न पाहिलेलं एखादं दाखव," हॉलिस म्हणाला. दोघांपैकी कुणी आणि कधी 'तुम्ही' सोडलं, ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

नॉर्बर्टने जरा विचार केला आणि त्याला उत्तरेकडच्या ह्मोंग बाजारात, आग्नेय आशियातून येऊन इथे वसलेल्या लोकांच्या बाजारात नेलं. घरापासून गाडीने फार लांब नव्हता, पण नॉर्बर्टने आजवर आत पाऊल टाकलं नव्हतं. मोठी शेड, भाज्यांचे ढीग, शिवणकामाची दुकानं आणि मागच्या अंगाला जेवणाच्या टपऱ्यांची ओळ. वाफ, कोथिंबीर आणि माणसांचा कालवा. दोघं हात खिशात घालून, नव्या शाळेत आलेल्या पोरांसारखे टपऱ्यांवरच्या पाट्या वाचत उभे राहिले.

"आजोबा, वाचून पोट भरत नाही," एका टपरीमागून आवाज आला. पाकू नावाची बाई होती, पन्नाशीची, उखळात कच्ची पपई कुटत असलेली. "बसा. मी देते ते खा."

तिने शेवयांचं गरम सूप दिलं, सारण भरून तळलेले कोंबडीचे पंख दिले आणि ती कुटलेली पपई दिली. "तिखट किती?"

"भरपूर," हॉलिस म्हणाला.

"अगदी कमी," नॉर्बर्ट म्हणाला.

पाकूने दोघांना मधलं तिखट दिलं. पहिल्याच घासाला नॉर्बर्टचे डोळे भरून आले, नाक वाहू लागलं, टक्कल लाल झालं. पण त्याने चमचा खाली ठेवला नाही. हॉलिस मात्र डोळे मिटून, मान डोलावत खात होता. ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच पोटभर जेवतोय, असं तो म्हणाला.

"भाऊ-भाऊ का?" पाकूने पाण्याचे ग्लास ठेवत विचारलं.

"नाही," नॉर्बर्ट नाक पुसत म्हणाला. "सोयरे."

"कुणाकडून?"

"बायकोकडून," दोघं एकदमच म्हणाले.

पाकूला त्यात काही वावगं वाटलं नाही. "मग तिला का नाही आणलं?" म्हणत ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, आणि उत्तर द्यायची वेळ आली नाही. नॉर्बर्टने आणखी पंख मागवले. हॉलिस त्याला सांगू लागला की हिवाळ्याआधी त्यांच्याकडे मिरच्या भाजतात, रस्त्यारस्त्यावर मिरच्यांनी भरलेले लोखंडी पिंजरे जाळावर फिरत असतात, गावभर वास सुटतो. तिखट सोसत नसेल तर नुसता वास घ्यायला तरी ये.

"दूध मिळतं ना तिकडे?" नॉर्बर्टने विचारलं.

"मिळतं."

"मग येतो," तो म्हणाला, आणि त्याने पपईची बशी आपल्याकडे ओढली.