बापदेवाला इंग्रजी सांगताना

मोहोपाड्याच्या एका कारखान्यात टेलिफोनवर बसायला मुलगी पाहिजे होती. आमच्या लोधिवलीत मॅट्रिक झालेली मुलगी एकच, माझी चुलत बहीण जयवंता. म्हणजे निवड झाल्यात जमा होती; फक्त ती कारखान्याला कळायची राहिली होती.

अडचण साहेबांची होती. साहेब मद्रासकडचे. मुलाखतीत ते इंग्रजीतलं एकच क्रियापद विचारतात आणि त्याचे सगळे अर्थ सांगायला लावतात, अशी बातमी गावातल्या सहदेवने आणली होती. तो आदल्या वर्षी स्टोअरकीपरच्या जागेसाठी जाऊन आला होता. त्याला ‘टेक ऑफ’ विचारलं. त्याने बूट काढून दाखवले. साहेब म्हणाले, आणखी? त्याने मोजे काढले. साहेबांनी पुन्हा आणखी विचारल्यावर तो सदऱ्याच्या गुंड्यांपाशी जरा थांबला आणि तिथूनच घरी आला.

जयवंताचं मात्र हसण्यावारी न्यावं असं नव्हतं. तिच्या बापाने, धाकलूकाकाने, सांगून ठेवलं होतं की नोकरी लागली तर ठीक, नाहीतर बदलापूरला मामाकडे जायचं. मामीला तिसरं झालं होतं आणि पोरं सांभाळायला माणूस हवं होतं. जयवंताला ती पोरं माहीत होती. थोरला चावायचा.

तिने चौक गावच्या मास्तरांकडून पुस्तक आणलं. त्यात एकट्या ‘टेक ऑफ’चे सात अर्थ निघाले आणि ती पाठांतराला बसली. शेजारच्या येसूबाईंना ते काही पटेना. विचारणार एक, मग सात कशाला शिकायचे? बापदेवाला विचारावं, नेमका कुठला येणार तो, आणि तेवढाच करावा. गावाला हे एकदम पटलं. साहेब यंदा दुसरंच क्रियापद काढतील, ही शंका सबंध लोधिवलीत कुणाला आली नाही. मलाही नाही.

आमच्याकडे काही अडलं की बापदेवाला कौल लावतात. शेंदराच्या दगडाला दोन्ही अंगांनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. चुकलेली गाय, विहिरीची जागा, सोयरीक, सगळं तिथेच ठरतं. कौल लावणार नामा गुरव. त्याची एकच अट होती.

“देवाला इंग्रजी येत नाय,” नामा म्हणाला. “काय ते मराठीत समजावून सांगा. समजल्याबिगर देव पाकळी टाकायचा नाय.”

हे रास्त होतं. रविवारी सकाळी सगळा गाव देवळापुढे जमला. पुस्तकाची बांधणी कुठल्या जनावराच्या सरसाने करतात याची खात्री नसल्यामुळे नामाने ते चपलांपाशी ठेवायला लावलं. जयवंता देवासमोर रिकाम्या हाताने बसली.

पहिला अर्थ सोपा होता, अंगावरची वस्तू काढणे. तिने दाराबाहेरच्या चपला दाखवल्या. पाकळ्या जागच्या जागी. नामा म्हणाला, एवढं देवालाही कळतं, पुढचं सांग.

दुसरा विमानाचा. तिने देवाला आठवण करून दिली की डोंगरावरून रोज जातं ते विमान आधी सांताक्रूझला जमिनीवर असतं. ते जमीन सोडतं, तेव्हा टेक ऑफ. येसूबाईंनी विचारलं, उतरतानाही तेच का? जयवंता म्हणाली, नाही, उतरताना दुसरा शब्द.

“जायला येक, यायला येक,” येसूबाई म्हणाल्या. “येसटीवाल्यांसारखंच हाय मग. तिकीट निराळं.”

तिसऱ्या अर्थाला घोटाळा झाला. कामावरून रजा घेणे. गावात रजा कुणी घेतलेली नव्हती, देवाने तर नव्हतीच. जयवंता म्हणाली, “बापदेवा, आमचा नामाकाका सासुरवाडीला जातो नि तू दोन दिवस बिनआंघोळीचा ऱ्हातोस. ते दोन दिवस नामाकाकानं टेक ऑफ केले.”

डावी पाकळी तत्काळ पडली. नामाने देव रागावला असं जाहीर केलं, पण कुणावर ते सांगितलं नाही.

असं ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. दुकानदार किमतीतून चार आणे कमी करतो, तो चौथा. न सांगता एकाएकी निघून जाणे, याला उदाहरण म्हणून सहदेव उभाच होता. धंदा एकदम जोर धरणे, म्हणजे हायवेवरचं जनीचं चहाचं दुकान. एकेक गोष्ट ती दगडाला सांगे, दगड गप्प राही, मग ती तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगे. गप्प ऐकणाऱ्याला समजलं की नाही ते कळत नाही. त्यामुळे ती कुठेच अर्धवट सोडू शकत नव्हती.

शेवटचा अर्थ नक्कल करणे. तिने नामाचं देवापुढचं गाऱ्हाणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, मधल्या खोकल्यासकट. गाव इतका हसला की दोन्ही पाकळ्या एकदम खाली आल्या.

“देव काय म्हणतो, नामा?” धाकलूकाकाने विचारलं.

नामाने दोन्ही पाकळ्या उचलल्या. “हो म्हणतो,” तो म्हणाला, “आनि नाय बी म्हणतो. समदंच शिकून जा.”

शिकायचं आता काही उरलं नव्हतं, पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुलाखतीला सोबत म्हणून मी गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडंच होतं. साहेबांनी नाव विचारलं, शाळा विचारली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “ब्रेक डाउन.”

हे त्या सातांत कुठेच नव्हतं. मला दारातून तिची पाठ दिसत होती, पण पाठीवरूनही बदलापूर दिसत होतं. साहेब पेनाचं टोपण लावू लागले, एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी तो उचलला, ऐकला, आणखी ऐकला, आणि माणूस पाल धरतो तसा लांब धरला. समोरून मराठी येत होतं. त्यांनी तो जयवंताकडे दिला.

खोपोलीहून ड्रायव्हर लडकू बोलत होता. मागचा आस मोडून त्याचा टेंपो बसला होता. तिने साहेबांना इंग्रजीत सांगितलं, टेंपो इज सिटिंग. साहेबांनी विचारलं, का बसलाय? ड्रायव्हरला म्हणावं, उठव त्याला.

आता ती नेटाने बसली. तिने साहेबांची पट्टी दोन काडेपेट्यांवर आडवी ठेवली, वर शाईची दौत ठेवली आणि एक काडेपेटी काढून घेतली. पट्टी कलंडली, दौत साहेबांनी झेलली. तिकडे लडकू फोनमधून हॅलो हॅलो करत होता. तिने त्याला थांबवून माल कुठला, रस्ता मोकळा आहे का, दुसरी गाडी कुठवर येऊ शकेल, असं सगळं विचारून घेतलं आणि मोडक्या इंग्रजीत एकेक साहेबांपुढे ठेवलं. समजलं नाही असं वाटलं तिथे दुसऱ्या बाजूने सांगितलं. साहेब मध्येमध्ये मान हलवत होते. बापदेवाच्या मानाने हे फारच सोपं काम होतं.

साहेबांनी दुसरी गाडी पाठवली. दौत जागेवर ठेवली. मग त्यांनी विचारलं की इकडे फक्त टेंपोच बसतात का. जयवंता म्हणाली, नाही सर, पावसाने भिंत बसते, ओरडून आवाज बसतो, आगाऊपणा केला तर थोबाडीत बसते. साहेबांनी शेवटच्याचं प्रात्यक्षिक मागितलं नाही. सोमवारपासून ये म्हणाले, तीन महिने बघू. आणि रोज दुपारी पाव तास मला तुमची भाषा सांगायची.

घरी आल्यावर धाकलूकाकाने एवढंच विचारलं, की साहेबांनी सात अर्थांतला कुठला विचारला. एकही नाही, ती म्हणाली. काका उठला आणि पोरगी येत नाही असं बदलापूरला कार्ड टाकायला गेला.

पहिल्या सोमवारी दुपारी साहेबांनी ‘लागणे’ काढलं. चौथा महिना लागला तरी ते त्यावरच होते.