सातव्या प्रकरणाचं कीर्तन

प्रोफेसर मधुकररावांनी अकरा वर्षं खपून नीती, न्याय आणि मरण या विषयावर सहाशे बारा पानांचा ग्रंथ लिहिला. मरणाबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त नत्थूजी मरतील, हे ध्यानात आलं नव्हतं.

नत्थूजी म्हणजे महाल पेठेतल्या राममंदिराचे पेटीवाले. दिवसभर गांधीबागेच्या बाजारात दुकानावर कापड मोजायचे, संध्याकाळी कीर्तनाला पेटीवर बसायचे. मधुकरराव पहिल्या रांगेत. नामाचा गजर सुरू झाला की प्रोफेसरांचे डोळे पाणावायचे, टाळ्यांचा ताल चुकायचा. आणि घरी परतताना मात्र ते बुवांच्या चुका काढायचे. पूर्वरंग लांबला, दृष्टांत तर्काला धरून नव्हता, आख्यान घाईत गुंडाळलं. चाळीस वर्षं नत्थूजींनी हे ऐकून घेतलं आणि शेवटी दवाखान्याच्या खाटेवरून सूड उगवला.

"माह्या तेरवीले बुवा नको बोलावू. कीर्तन तूच करजो गा."

"मी? अरे, मला साधा सा लागत नाही!"

"लोकायच्या चुका तं बराबर सापडतात नं? शब्द दे."

मरणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मधुकररावांनी शब्द दिला. दोन दिवसांनी नत्थूजी गेले, आणि शब्द मागे राहिला.

गंमत अशी की ग्रंथाचं सातवं प्रकरण नेमकं याच प्रश्नावर होतं. मृताला दिलेला शब्द पाळणं बंधनकारक नाही, कारण ज्याचं नुकसान व्हावं असा माणूसच उरलेला नसतो. हे मधुकररावांनी अठ्ठेचाळीस पानांत सिद्ध केलं होतं. छापखान्याकडून आलेली मुद्रितं टेबलावरच होती. त्यांनी प्रकरण पुन्हा वाचलं. कुठे फट नव्हती. आपलं लेखन आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, या आनंदात ते मुद्रितं काखोटीला मारून नत्थूजींच्या घरी, गोपिकावहिनींकडे गेले.

वहिनींनी वीस मिनिटं ऐकून घेतलं.

"म्हणजे भाऊजी, तुम्ही भिऊन राहिले."

"भीतीचा प्रश्न नाही, वहिनी. तत्त्वाचा आहे."

"बरं. तेरवी रविवारी हाय, चार वाजता. धोतर हाय तुमच्याजवळ, का ह्यायचं काढून ठेवू?"

रविवारी मधुकरराव नत्थूजींच्या धोतरात उभे राहिले. डावीकडे पेटी तिच्या जागी मांडलेली. मागे कुणी नाही. पूर्वरंगाला त्यांनी सातवं प्रकरणच घेतलं, कारण दुसरं काही येतच नव्हतं. मृताला दिलेला शब्द बांधत नाही, हे आपण मृताला दिलेल्या शब्दापायीच उभं राहून सांगतोय, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांच्या लक्षात आलं. पाचव्या पानाला तबलजी पेंगू लागला.

मध्यंतराला रिवाजाप्रमाणे वहिनींनी हार घातला, बुक्का लावला आणि हळूच म्हणाल्या, "आता गोष्ट सांगा, भाऊजी."

गोष्ट! सहाशे बारा पानांत एकही गोष्ट नव्हती. मधुकररावांनी मुद्रितं मिटली. मग जी एकुलती एक त्यांना ठाऊक होती, तीच त्यांनी सांगितली: दिलेल्या शब्दातून सुटायला एक पंडित मित्राच्या विधवेकडे मुद्रितं घेऊन कसा गेला. तबलजी जागा झाला. 'धोतर हाय का' या ठिकाणी तर अख्खा मांडव हसला. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

रंगात येऊन मधुकरराव गजराच्या सुरासाठी, सगळे बुवा वळतात तसे, डावीकडे वळले.

पेटी गप्प होती.

ते वळलेलेच राहिले. चाळीस वर्षं तिथून सूर यायचाच. सातव्या प्रकरणात ही बाजू आलीच नव्हती.

वहिनी उठल्या आणि पेटीमागे जाऊन बसल्या. वाजवता येत नव्हतं. भाता ओढून त्यांनी एक पट्टी दाबून धरली. तो सूर मधुकररावांच्या गळ्याला झेपणारा नव्हता. तरी त्यांनी रामनाम धरलं, आणि मांडवानं ते कसंबसं सावरून घेतलं.

निघताना वहिनी दारात आल्या. "वर्षानं बरसीले बी तुम्हीच उभे राहा. हे ह्यायनं नाही सांगितलं, मीच म्हणून राहिली."

मधुकररावांनी चपला पायात सरकवल्या. जिवंत माणसाला दिलेल्या शब्दावर आठवं प्रकरण होतं, आणि ते त्यांनी फार कडक लिहिलं होतं.

"येईन," ते म्हणाले. "पूर्वरंग जरा आटोपता घेईन."