खिशातलं कुरुत

काराकोल शहरातल्या आमच्या डायलिसिस विभागात चार नंबरच्या खुर्चीवर मामबेताली-आके बसायचे. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे आके म्हणतात. उभी हयात घोडे शिकवून तयार करण्यात गेलेली, त्यामुळे सुईला ते घाबरत नसत. घाबरायचे ते बायकोला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. शेवटी नर्स म्हणून मी ड जीवनसत्त्वाची इवलीशी गोळी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायची. साधं ड जीवनसत्त्व आमच्या पेशंटांच्या हाडांना पुरत नाही. ते कामी लावणारं मूत्रपिंडच बंद पडलेलं असतं. म्हणून ही तयार गोळी. पण खाण्यातून रक्तात फॉस्फरस फार वाढला की डॉक्टर ती थांबवतात. आकेंची तीन महिने बंद होती. हाडं खिळखिळी होत चालली होती आणि आके म्हणायचे, "मी तर काही खातच नाही, पोरी."

ऑगस्टअखेर त्यांचं जाकीट खुंटीला लावताना खिसा खुळखुळला. आत मूठभर कुरुत. दह्याचे वाळवलेले खारट गोळे, फॉस्फरस ठासून भरलेले.

"हे काय, आके?"

"बटणं."

"बटणं चघळता होय?"

ते हसले. "बायको करते, अनारबुबू. हाडं ठिसूळ झालीत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून आमच्या छपरावर गोळेच गोळे. पांढऱ्याला पांढरंच लागतं म्हणते. समोर बसून खायला लावते, वर खिसा भरून देते."

"मी बोलते अनारबुबू आपांशी."

"खबरदार! माझ्या दुखण्यात तिला दुसरं काय करता येतंय? गोळे तेवढे वळता येतात. ते नको काढून घेऊस तिच्याकडून."

मला ते पटलं. पटायला नको होतं.

नोव्हेंबरात मिनीबसमधून उतरताना आकेंचा पाय मुरगळला. धड पडलेही नाहीत, पण खुबा मोडला.

दुसऱ्या दिवशी अनारबुबू आपा माझ्याकडे आल्या. हातात फुगलेली कापडी पिशवी.

"ते आहेत त्या वॉर्डात मला सोडत नाहीत. तुला सोडतील. रोज दहा खायला घाल त्यांना. मीच कमी पडले गं, पाचच देत होते."

खरं सांगितलं असतं तर तो खुबा त्यांनी जन्मभर स्वतःच्या माथी घेतला असता.

"आपा, नवा नियम आलाय. डायलिसिसवाल्यांना कुरुत बंद. सगळ्यांनाच."

"नियम?"

"हो, वरूनच आलाय."

"मग राहिलं," आपा लगेच म्हणाल्या. "नियमापुढे काय बोलणार? दुसरं काहीतरी करीन त्यांच्यासाठी."

एवढंच बोलायचं होतं. ऑगस्टातही ते इतकंच सोपं होतं.

जाताना त्यांनी पिशवी माझ्याच हातात कोंबली. "तू खा. दिवसभर उभी असतेस, हाडं सांभाळ."